टेलिफोनच्या तारेला जोड देताना कोणता कनेक्टर घ्यावा? जेली कनेक्टरचे प्रकार, निवड आणि वापर

टेलिफोनची तार तुटली की दोन टोके सोलून, पीळ मारून वरून टेप गुंडाळणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. फोन लगेच चालू होतो, पण पहिल्या-दुसऱ्या पावसात लाईनवर खरखर सुरू होते आणि ब्रॉडबँड वारंवार तुटू लागते. असा बिघाड बहुतेक वेळा तारेत नसतो, जोडात असतो. टेलिफोनच्या तारेसाठी वेगळे कनेक्टर मिळतात. त्यांची किंमत मामुली असते. मात्र तारेची जाडी, जागा आणि कामाचा प्रकार पाहून ते निवडावे लागतात.

जळकोटसारख्या भागात जोड लवकर का खराब होतो?

लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार तालुक्यांच्या हद्दीला लागून आहे. इथल्या हवामानात जोडाची तीन प्रकारे कसोटी लागते.

- उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटते.
- पावसाळ्यात उघड्या जोडात ओल शिरते.
- काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्याने फुगते. जमिनीत पुरलेल्या तारेला त्यामुळे ताण बसतो आणि कच्चा जोड हळूहळू सुटतो.

ग्रामीण भारतात टेलिफोन पोहोचला तो मुख्यतः सी-डॉटने बनवलेल्या छोट्या एक्स्चेंजमुळे. सी-डॉट ही संस्था 1984 मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. 128 पोर्टचे हे यंत्र वातानुकूलनाशिवाय, खेड्यातल्या उष्णतेत आणि धुळीत चालेल असे बनवले होते. पण एक्स्चेंज कितीही दणकट असले तरी तिथून घरापर्यंतची वाट तांब्याच्या तारेची असते. एक्स्चेंज, पिलर, डीपी, ड्रॉप वायर आणि घरातली रोझेट या प्रत्येक टप्प्यावर जोड येतो.

वाईट जोडाने नेमके काय होते?

0.5 मिमी जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध दर किलोमीटरला सुमारे 176 ओम असतो. चांगल्या जोडाचा रोध त्यापुढे नगण्य असतो. तांब्यावर गंज चढला की मात्र एकट्या जोडाचा रोध शेकडो ओमांवर जाऊ शकतो. म्हणजे घर एक्स्चेंजपासून अचानक काही किलोमीटर लांब गेल्यासारखे होते.

टेलिफोन लाईनवर सतत 48 व्होल्टचा डीसी दाब असतो. ओलसर जोडात या दाबामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि तांबे झिजते. म्हणून टेलिफोनचा ओला जोड वापर नसतानाही खराब होत राहतो.

बिघाड ओळखण्याच्या काही खुणा:

- पाऊस पडला की खरखर वाढते, ऊन पडले की कमी होते.
- घंटी वाजून गेल्यावर आवाज थोडा वेळ स्वच्छ येतो. घंटीच्या वेळी लाईनवर सुमारे 75 व्होल्टचा एसी दाब येतो. त्याने गंजाचा पातळ थर तात्पुरता फुटतो आणि नंतर पुन्हा तयार होतो.
- फोन पूर्ण बंद, पण इंटरनेट अगदी मंद चालू. दोनपैकी एक तार तुटलेली असताना असे घडू शकते, कारण ब्रॉडबँडचा उच्च वारंवारतेचा सिग्नल बारीक फट ओलांडू शकतो.

जेली कनेक्टर कसा काम करतो?

टेलिफोनचा कनेक्टर बोटाच्या पेराएवढा असतो. आत फटी असलेली धातूची पट्टी असते आणि वर दाबायचे बटण असते. तार न सोलता आत घालून बटण दाबले की पट्टीच्या फटी तारेचे आवरण कापून थेट तांब्याला घट्ट पकडतात. या पकडीत हवा शिरत नाही, त्यामुळे तिथे गंज धरत नाही. आतली जेली ओल बाहेर ठेवते. म्हणूनच बाजारात याला जेली कनेक्टर म्हणतात.

मुख्य प्रकार

हे प्रकार थ्रीएम कंपनीच्या स्कॉचलॉक मालिकेतील नावांनी ओळखले जातात. इतर कंपन्यांच्या मालालाही दुकानात हीच नावे वापरली जातात.

- यूवाय (पिवळा): दोन तारा एकमेकींना जोडण्यासाठी. साधारण 0.4 ते 0.65 मिमी तारांना चालतो. घरातील व इंटरकॉमच्या वायरिंगसाठी बहुधा हाच लागतो.
- यूआर (लाल): दोन किंवा तीन तारांसाठी. साधारण 0.4 ते 0.9 मिमी. एका लाईनवरून दुसऱ्या खोलीत फाटा काढायचा असेल किंवा दोन तारांची जाडी वेगळी असेल तेव्हा उपयोगी.
- यूजी (हिरवा): चालू तार न कापता तिच्यावरून फाटा काढण्यासाठी.

एका लाईनमध्ये दोन तारा असतात, म्हणून एका सरळ जोडाला दोन कनेक्टर लागतात.

विकत घेताना काय पाहावे?

1. तारेची जाडी. पाकिटावरचा आकडा तारेशी जुळला पाहिजे. तार बारीक असेल तर पकड ढिली राहते, जाड असेल तर आत जात नाही.
2. तारेचा प्रकार. हे कनेक्टर एकसंध तांब्याच्या तारेसाठी असतात. अनेक बारीक तंतूंच्या लवचिक वायरीत पकड भरवशाची राहत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायरही टाळावी.
3. जेली आहे का? पारदर्शक कवचातून ती दिसते. जेली नसलेला कनेक्टर फक्त घरातल्या कोरड्या जागी वापरावा.
4. नमुना तपासणी. उरलेल्या तारेच्या दोन तुकड्यांवर एक कनेक्टर दाबावा आणि तारा हलक्या हाताने ओढून पाहाव्यात. मल्टिमीटरवर रोध जवळपास शून्य दिसला पाहिजे. पहिल्याच नमुन्यात तार सुटत असेल तर ते पाकीट परत करावे.

जोड देण्याची पद्धत

1. लाईन आधी वेगळी करावी. घंटीच्या दाबाचा झटका बसू शकतो. विजा कडकडत असताना या कामाला हात लावू नये.
2. गंजलेला, काळा पडलेला भाग कापून टाकावा आणि ताजे टोक घ्यावे.
3. तार न सोलता कनेक्टरच्या तळापर्यंत सरकवावी. पारदर्शक बाजूने खात्री करावी.
4. बटण सरळ आणि पूर्ण दाबावे. त्यासाठी क्रिंपिंगची खास पक्कड मिळते. साध्या पकडीने बटण तिरके बसण्याचा धोका असतो.
5. रंग पाहून त्याच जोडीतल्या तारा जोडाव्यात. एका जोडीतली एक आणि दुसऱ्या जोडीतली एक तार घेतली, तर एका लाईनवरचे बोलणे दुसरीवर ऐकू येऊ लागते.
6. पीळ कमीत कमी उलगडावा आणि जोडावर ताण ठेवू नये.
7. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरू नये.

कुठे वापरू नये?

- 230 व्होल्टच्या विजेच्या तारांसाठी हे कनेक्टर कधीही वापरू नयेत. त्यातून आग लागू शकते.
- उघड्यावर लोंबकळत किंवा थेट मातीत. जेली असली तरी जोड बंद डबीत, जमिनीच्या वर आणि पुन्हा सापडेल अशा ठिकाणी असावा.
- ऑप्टिकल फायबरसाठी. फायबर काचेचे असते आणि ते यंत्राने वितळवून जोडले जाते.
- डीपी आणि पिलरमधील जोड टेलिफोन कंपनीच्या ताब्यात असतात. तिथे तक्रार नोंदवून लाईनमनलाच बोलवावे.

फायबर आल्यावर याची गरज उरली आहे का?

नव्या घरगुती जोडण्या आता बहुतांशी फायबरच्या असतात. तरीही बँका, दवाखाने, शाळा आणि लॉजमधील इंटरकॉम, तसेच जुन्या लँडलाईन अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेवरच चालतात. दवाखान्यात वॉर्डमधून डॉक्टरांच्या खोलीत लावलेला फोन ऐन पावसाळ्याच्या रात्री लागलाच पाहिजे, आणि तो लागणे अशाच एखाद्या जोडावर अवलंबून असते.

थोडक्यात: शक्य असेल तिथे जोड टाळून अखंड तार ओढावी. जोड द्यावाच लागला तर तारेच्या जाडीला जुळणारा, जेली भरलेला कनेक्टर घ्यावा, योग्य पकडीने दाबावा आणि कोरड्या, बंद डबीत ठेवावा. पीळ आणि टेपचा जोड फक्त नवा कनेक्टर मिळेपर्यंतच ठेवावा.