क्रीडोपचाराच्या विद्यार्थ्याचे अर्धवेळ मर्दनकार्य : अधिकार आणि मर्यादा

प्रथम संज्ञा निश्चित करू. खेळाडूच्या दुखापतीचा प्रतिबंध, परीक्षण, उपचार आणि पुनर्वसन यांचे शास्त्र म्हणजे क्रीडोपचार. स्नायू व अन्य मृदू ऊतींवर विशिष्ट हेतूने हातांनी केलेली क्रिया म्हणजे क्रीडामर्दन. ते क्रीडोपचाराचे एक अंग आहे. शिक्षण चालू असताना हे अंग उपजीविकेसाठी वापरणे म्हणजे अर्धवेळ मर्दनकार्य. येथील विवेचन ब्रिटनपुरते आहे. क्रीडोपचार हा स्वतंत्र पदवीविषय म्हणून तेथे रुजलेला आहे, आणि महाराष्ट्रातून फिजिओथेरपीची पदवी घेऊन तेथे पुढे शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न हटकून उभा राहतो.

काम कोठे मिळेल, हा प्रश्न विद्यार्थी आधी विचारतो. तर्कतः तो दुसरा आहे. परक्या शरीराला हात लावण्याचा अधिकार आपल्याला कशाने प्राप्त होतो, हा पहिला. हा अधिकार त्रिविध आहे : कौशल्याचा, व्यवसायाचा आणि वास्तव्याचा.

कौशल्याचा अधिकार प्रमाणपत्राने सिद्ध होतो. ब्रिटनमध्ये क्रीडामर्दनाच्या पात्रतेचे स्तर आहेत. तिसऱ्या स्तरावरील व्यक्तीने निरोगी, दुखापतरहित ऊतींवर काम करावे. दुखापतग्रस्त ऊतींचा विचार चौथ्या स्तरापासून सुरू होतो. कोल्हापूरच्या तालमीत वर्षानुवर्षे मालीश करून हात तयार झालेला असला, तरी प्रमाणपत्राविना ब्रिटनमध्ये विमा मिळत नाही. आणि विम्याविना कोणतेही जबाबदार चिकित्सालय विद्यार्थ्याला खाटेजवळ उभे करत नाही.

व्यवसायाचा अधिकार पदनामाशी निगडित आहे. ‘फिजिओथेरपिस्ट’ हे पदनाम ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित असून आरोग्य व सेवा व्यवसाय परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून ते लावता येत नाही. ‘स्पोर्ट्स थेरपिस्ट’ या पदनामाला असे संरक्षण नाही. परिणामी भारतातील पदवीधराला नोंदणीपूर्वी मर्दनकार्य करता येते, परंतु जाहिरातीत किंवा ओळख करून देताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवता येत नाही.

वास्तव्याचा अधिकार सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून त्याचा विस्तार आवश्यक. पदवी वा त्यावरील शिक्षणासाठी विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याला सत्रकाळात सामान्यतः आठवड्याला 20 तास काम करता येते. हा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. एका आठवड्यात 25 आणि पुढच्यात 15 अशी सरासरी चालत नाही. बिनपगारी कामही मर्यादेत धरले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंधलेखनाचा उन्हाळा सहसा सुट्टीत गणला जात नाही. याहून कठोर अट अशी, की या व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. मर्दनाच्या क्षेत्रात मात्र भाड्याने खोली घेणे, चिकित्सालयाशी टक्केवारीने वाटणी करणे, घरी जाऊन सेवा देणे, ही स्वयंरोजगाराचीच रूपे सर्रास आढळतात. ‘आमच्याकडे बस, मिळेल त्यातले निम्मे तुझे’ हा प्रस्ताव सद्भावनेने आलेला असला तरी अशा विद्यार्थ्याला तो निषिद्ध आहे. त्याने लेखी करार, पगारपत्रक आणि मालकाकडून होणारी करकपात असलेली नोकरीच शोधावी.

अधिकार निश्चित झाल्यावर कार्यस्थळांचा विचार संभवतो. स्पा व हॉटेले यांत नोकरी सुलभ, पण तेथे मुख्यतः विश्रांतिमर्दन चालते. परीक्षणबुद्धीला वाव अल्प. क्रीडासंघात वाव अधिक, वेतन अनिश्चित. शर्यतीच्या दिवशीचे काम या दोहोंहून वेगळे असून शिक्षणदृष्ट्या विशेष मोलाचे आहे.

मॅरेथॉन संपवून धावपटू तंबूत येतो. त्याला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. या वेळी खोल दाब वर्ज्य. लांब, हलके हात फिरवणे इष्ट. मर्दनाने लॅक्टिक आम्ल ‘निघून जाते’ असे त्याला सांगू नये : रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप पूर्वपातळीवर येते. मर्दनाने पुढील दिवसांचे दुखणे काहीसे सुसह्य होते, एवढाच दावा करावा. मुख्य कसोटी हात लावण्यापूर्वीची आहे. धावपटू बरळत असेल वा त्याची शुद्ध हरपत असेल, तर तो वैद्यकीय पथकाचा रुग्ण आहे. एकच पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता मानावी. मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. येथे हात आवरणे हाच उपचार.

शेवटची मर्यादा कर्त्याच्या स्वतःच्या देहाची. अंगठ्याच्या मुळाचा सांधा या व्यवसायात लवकर झिजतो. दाब अंगठ्याने देण्याऐवजी कोपर व अग्रबाहूने, शरीराचा भार वापरून द्यावा. खाटेची उंची आपल्या उंचीनुसार बदलावी. सलग रुग्ण घेण्याचा आग्रह धरणारी नोकरी, वेतन चांगले असले तरी, परीक्षेच्या सत्रात घेऊ नये.

यावरून निवडीचा निकष ठरतो. दोन नोकऱ्या समोर असतील, तर जेथे अनुभवी उपचारक शेजारच्या खोलीत उपलब्ध आहे आणि ‘हा रुग्ण मी घेत नाही’ असे म्हणण्याची विद्यार्थ्याला मुभा आहे, ती स्वीकारावी, मग तिचे वेतन कमी का असेना. मुलाखतीत ही मुभा आहे का, हे विद्यार्थ्याने स्पष्ट विचारावे आणि उत्तर करारात लिहून घ्यावे.