निस्तार आणि समुद्रकिनारा

मुलचेऱ्यापासून समुद्र फार दूर. तरीही किनाऱ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आम्हाला परका नाही. कारण आमच्याकडे ‘निस्तार’ हा शब्द आहे. गावकऱ्यांनी जंगलातून सरपण, गवत, बांबू आणावा, गुरे चारावीत, पाण्यावर जावे, हा जुन्या मध्य प्रांतातला रिवाज. जमीन मालगुजाराची असली तरी निस्तार गावाचा.

विचार जुनाच आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा मानला. पाणी, गवत आणि अग्नी यांत सगळे वाटेकरी आहेत, असे पैगंबरांचे वचनही सांगितले जाते. १९९६ मध्ये बियास नदीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्वीकारले. अशा संपत्तीचे सरकार विश्वस्त आहे, मालक नव्हे.

या तत्त्वाची कसोटी गोव्यात लागली. दोना पावलजवळ वायंगिणी किनाऱ्यालगत सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादित केली. १९८३ च्या करारात लोकांची किनाऱ्याकडची वाट राखण्याची अट होती. पुढे बांधकाम वाढले आणि वादाला तोंड फुटले. स्थानिक रहिवासी आणि गोवा फाउंडेशन न्यायालयात गेले. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाट अडवणारे बांधकाम पाडण्यास सांगितले. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. २०१६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरली.

कागदावरचा हक्क पायांखाली येतोच असे नाही, हे महाडनेही दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले. परतणाऱ्यांना मारहाण झाली. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

वायंगिणी आणि महाड एक नव्हेत. तळ्यावर जात आडवी आली, किनाऱ्यावर पैसा. पण अडवला गेला तो पायी येणाराच. २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा शब्द कलमात घातला. किनाऱ्याकडे जाणारी प्रत्येक जुनी पायवाटही अशीच सरकारी नकाशावर नोंदली जावी. नोंद असली की अडवणाऱ्याला जाब विचारता येतो.