चारसोबीस: आपली आणि त्यांची

आपल्याकडे 'चारसोबीस' म्हणजे लफंगा, हे शेंबडं पोरही सांगेल. १८६०च्या भारतीय दंडविधानात फसवणुकीचं कलम ४२०, तिथून हा शब्द आला. १९५५ साली राज कपूरने 'श्री ४२०' काढला. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, पण कुणाला 'तीनशे अठरा' म्हणणारा मला तरी अजून भेटायचाय!

अमेरिकेत मात्र 'फोर-ट्वेंटी' म्हणजे गांजा ओढणं. आपल्याला साहजिकच वाटतं, तिकडेही कलमच असणार. गंमत म्हणजे तिकडच्यांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं: हा म्हणे पोलिसांचा कोड. पण कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं ४२० आहे सरकारी जमिनीवर जाणाऱ्याला अडवण्याबद्दल. गांजाचा संबंधच नाही.

मग आला कुठून हा आकडा?

साल १९७१, कॅलिफोर्नियातलं सॅन राफाएल हायस्कूल. पाच टवाळ मित्र एका भिंतीपाशी पडीक असायचे. भिंत म्हणजे 'वॉल', म्हणून हे 'वाल्डोज'. पॉइंट रेयेसजवळ कोस्ट गार्डमधल्या कुणीतरी गांजा लावलाय, अशी खबर त्यांना लागली. ठरलं! शाळेनंतर ४ वाजून २० मिनिटांनी लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी भेटायचं आणि शोधायला निघायचं. परवलीचा शब्द '४२० लुई'. झाडं कधीच सापडली नाहीत. 'लुई'ही गळला. उरलं नुसतं ४२०, आईबापांसमोरही बिनधास्त बोलता येईल असं.

'ग्रेटफुल डेड' या बँडच्या गोतावळ्यात या पोरांच्या ओळखी होत्या. तिथून शब्द पसरला. डिसेंबर १९९०मध्ये ऑकलंडला बँडच्या चाहत्यांनी एक पत्रक वाटलं, ते 'हाय टाइम्स' मासिकाने १९९१ साली छापलं. त्यात ती पोलीस कोडची थापही होती! म्हणजे शब्दाबरोबर त्याची चुकीची व्युत्पत्तीही जगभर गेली. पुढे वाल्डोजनी सत्तरच्या दशकातली, पोस्टाचे शिक्के असलेली पत्रं दाखवली, तेव्हा कुठे निकाल लागला.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हे ओळखीचं आहे. कोडमध्ये कॉमेंट नसलेला आकडा दिसला की जो तो आपला तर्क लढवतो, आणि जुनी नोंद उघडावी तर कुणीतरी आपल्या सोयीसाठी टाकलेला असतो. तर्क कितीही पटला तरी पुरावा तारखेचाच.

आणि २००३ साली कॅलिफोर्नियाने औषधी गांजासाठी कायदा केला, त्या विधेयकाचा क्रमांक? सीनेट बिल ४२०. आपल्याकडे आकडा कायद्यातून बोलीत आला. तिकडे बोलीतून कायद्यात जाऊन बसला.