पाडव्याचे साल आणि देवाची चाकरी

गुढीपाडवा म्हटला की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गुढी येते, कडुलिंबाचा पाला येतो, श्रीखंड येते. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या, किंबहुना सगळ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला मात्र पाडव्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे सालगड्याचे साल. पाडव्याला जुने साल संपते आणि नवे लागते. रोख किती, धान्य किती, उचल किती, हे सारे बोलून ठरते, आणि एक माणूस दुसऱ्या माणसाच्या शेतावर वर्षभरासाठी स्वतःला बांधून घेतो. पुष्कळ गावांत ही रीत अजूनही चालू आहे.

श्रोतेहो, याच पाडव्याच्या सुमारास कोणी देवाजवळ साल धरले तर? म्हणजे 'देवा, हे शरीर तुझे, सांगशील ते काम करीन' असे म्हणून कोणी स्वतःला वाहून घेतले तर ते साल कसे असेल? त्यात मजुरी कोणती आणि काम कोणते? वर्ध्याच्या मातीत असे एक साल खरोखरच धरले गेले. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

स्वतःला देवाला अर्पण करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांतला सातवा दास्य, म्हणजे देवाची चाकरी, आणि नववा, शेवटचा, आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःलाच देऊन टाकणे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊही प्रकारांवर एकेक समास लिहिला आहे. गंमत अशी की, दास्यभक्तीच्या समासात पडकी देवळे नीट करण्याबरोबर फुटलेली तळी बांधण्याचे आणि धर्मशाळा चालवण्याचे कामही येते. म्हणजे देवाची चाकरी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी संपत नाही. ती बाहेर पडून तळ्याच्या बांधापर्यंत जाते. हा धागा लक्षात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

आता १९२१ सालाकडे वळू. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले होते आणि देशभर असहकाराचे वारे सुटले होते. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांना वाटे की गांधीजींनी आपल्या गावी येऊन राहावे. गांधीजींना त्या वेळी साबरमती सोडता येण्यासारखे नव्हते. तेव्हा वर्ध्याला आश्रमाची शाखा काढायचे ठरले आणि ती चालवण्यासाठी त्यांनी विनोबांना पाठवले. विनोबांचे वय त्या वेळी अवघे पंचवीस. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, गागोद्याचा हा मुलगा. ब्रह्माच्या शोधात २५ मार्च १९१६ रोजी त्याने घर सोडले, तो काशीला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला.

विनोबा वर्ध्याला आले ती तारीख ८ एप्रिल १९२१. पंचांग उघडून पाहिले तर त्या दिवशी फाल्गुनातली अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी ९ एप्रिलला गुढीपाडवा, शके १८४३ चा पहिला दिवस. त्या संवत्सराचे नावही मोठे मजेचे होते: दुर्मति. म्हणजे सालगडी नवे साल धरतात त्याच मुहूर्तावर हा तरुण वर्ध्यात कामाला लागला. नाव दुर्मतीचे, पण त्यातून निघाली ती सुमतीच.

काम तरी कोणते? आश्रमात सूत कातणे, विणणे, दळणे, स्वयंपाक, झाडलोट, अभ्यास आणि प्रार्थना. कोणतेही काम हलके नाही आणि कोणतेही दुसऱ्यावर ढकलायचे नाही. विनोबांनी १९२३ मध्ये 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक सुरू केले. उपनिषदांवर लिहिणारा हात तोच आणि चरखा फिरवणारा हातही तोच. पुढे १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. सूत कातून मजुराला जेवढे मिळते तेवढ्यातच आपले पोट भरते का, हे त्यांनी तिथे स्वतःच्या शरीरावर अजमावून पाहिले. गरिबाची सेवा करायची तर त्याची भाकरी किती कोरडी आहे हे आधी कळायला नको का?

एका माणसाने साल धरले की त्याच्या आजूबाजूची माणसेही धरतात. जमनालालजींच्या घराण्याचे वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले. देशात या कामी पुढाकार घेणाऱ्या अगदी पहिल्या मंदिरांपैकी हे एक होय. पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले, हे आठवले म्हणजे १९२८ सालचे मोल ध्यानात येते. पुढे जमनालालजींनी गोसेवेचे व्रत घेतले. ज्याला वाडे-हवेल्यांची वाण नव्हती, तो धनिक शेवटी गोपुरीच्या एका झोपडीत राहिला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले.

विनोबांच्या सहवासातलेच दुसरे नाव मनोहरजी दिवाण यांचे. महारोग्याची सावली पडली तरी लोक दूर सरत असा तो काळ. आजच्यासारखी गुणकारी औषधे तेव्हा नव्हती. १९३६ मध्ये मनोहरजींनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली आणि आपले आयुष्य त्यात घातले. देवळात मूर्तीला स्नान घालणे सोपे. रोग्याची जखम धुणे कठीण. पण दोन्हींतला देव एकच, असे मानणाऱ्याला निवड करावी लागत नाही.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा १९३८ पासून राहत होते. १९४६ च्या सुमारास त्यांनी तीनेक मैलांवरच्या सुरगावला रोज जायचा नेम धरला. खांद्यावर फावडे टाकून जायचे आणि गावाची घाण, मैला साफ करायचा. एकदा पावसाळ्यात वाटेतला ओढा दुथडी भरला. पलीकडे जाणे शक्यच नव्हते. तेव्हा पैलतीरावरच्या एका माणसाला त्यांनी ओरडून सांगितले की, गावातल्या मंदिरात जा आणि देवाला माझा निरोप दे. काय सांगशील, असेही वर विचारले. तो म्हणाला, बाबाजी आले होते असे सांगतो. विनोबा म्हणाले, तसे नाही. गावाची सफाई करणारा आला होता, पण पुरामुळे पोचू शकला नाही, असे सांग. मंडळी, सालगडी खाडा पडला तर मालकाला निरोप धाडतो ना, तसाच हा निरोप. फरक इतकाच की मालक देव होता आणि शेत म्हणजे सुरगावचा उकिरडा.

बरोबर तीस वर्षांनी चैत्र पुन्हा आला, तो १९५१ सालचा. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा वर्ध्याहून सुमारे तीनशे मैल पायी गेले. संमेलन आटोपल्यावर रामनवमीच्या दिवशी, १५ एप्रिलला, ते तेलंगणाच्या यात्रेला निघाले. त्या भागात जमिनीवरून रक्त सांडत होते. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या हरिजन कुटुंबांनी त्यांच्याजवळ ८० एकर जमीन मागितली, आणि गावातल्या रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर दिली. भूदानाचा जन्म तो असा. मागणारे कोण होते? ज्यांच्या हाताला काम आहे पण पायाखाली स्वतःची माती नाही, ते. आपला सालगडी त्यांचाच सख्खा भाऊ.

त्यानंतर विनोबा सुमारे तेरा वर्षे चालत राहिले. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनदारांना सांगत. हिशेब मात्र चोख मांडला पाहिजे. मागणी पाच कोटी एकरांची होती. दानपत्रांचा आकडा चाळीस लाख एकरांच्या पुढे गेला. त्यात पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, आणि बरीचशी भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. पण लाखो एकर जमीन पोचलीही, आणि तीही तलवारीवाचून. देवाच्या सालात पीक नेहमी सोळा आणे येतेच असे नाही. गड्याने नांगर सोडला का, एवढेच विचारायचे असते.

घर सोडल्याची तारीख, २५ मार्च, हीच धरून १९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. तिथे बहिणी सामुदायिक साधना करतात, श्रमाने जगतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घेतात. अध्यात्मात स्त्रियांनी मागे का राहावे, हा त्यामागचा प्रश्न.

विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच गेले. आधी काही दिवस त्यांनी अन्नपाणी थांबवले होते. तो दिवस दिवाळीच्या अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा. एका पाडव्याच्या आदल्या दिवशी वर्ध्यात पाऊल टाकले आणि दुसऱ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी देह ठेवला. तिथींच्या या मेळात चमत्कार शोधू नये. पण बळीराजा कशासाठी आठवतो तेवढे ध्यानात घ्यावे. वामनाची दोन पावले जमिनीत आणि आकाशात मावली, तिसऱ्यासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले. म्हणूनच जुन्या परंपरेने आत्मनिवेदनाचा आदर्श म्हणून बळीचेच नाव घेतले आहे. आणि शेतकऱ्याला आपण बळीराजाच म्हणतो.

येत्या पाडव्याला प्रत्येकाने घरदार सोडावे असे कोणी म्हणणार नाही. पण गुरुजींना वर्गातल्या मागे पडलेल्या एका मुलाचे साल धरता येईल. शेतकऱ्याला गावच्या तळ्याचे किंवा विहिरीच्या स्वच्छतेचे साल धरता येईल. आणि ज्याच्या घरी सालगडी आहे, त्याने पाडव्याला बोली ठरवताना समोरच्या माणसाकडे नीट पाहावे. देवाची चाकरी तिथूनही सुरू होते.