सर्दीचे थेंब आणि उसळणारं बीपी

मागच्या शनिवारी बाबांचा फोन. "दहा दिवस रीडिंग एकदम नॉर्मल आहे रे, कालपासून बीपीची गोळी बंद केली." म्हटलं, बाबा, रीडिंग नॉर्मल आहे ते गोळीमुळेच ना! सर्व्हर नीट चाललाय म्हणून कोणी त्याचा पंखा काढून ठेवतं का? गोळीचं नाव विचारलं, तर मेटोप्रोलॉल. डॉक्टरांना लगेच फोन करायला लावला आणि मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते जर्मनीत, चक्क सर्दीपासून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत नाक मोकळं करणारं औषध शोधत होते. एका डॉक्टरच्या सेक्रेटरीला सर्दी झाली होती, तिने स्वतःहून थेंब घालून घेतले. बाई जवळपास दिवसभर झोपल्या! बीपी खाली, नाडी मंद. (डोस भलताच जास्त झाला होता, हे नंतर कळलं. आजच्या काळात असा प्रयोग केला तर नोकरीच जाईल.) सर्दीचं राहिलं बाजूला, 1966 मध्ये तेच क्लोनिडीन बीपीचं औषध म्हणून जर्मनीत बाजारात आलं.

हे औषध मेंदूतून शरीराला जाणारे 'पळा, लढा' छाप सिग्नल कमी करतं. पण काही पेशंट्सनी ते अचानक सोडलं, आणि एक-दोन दिवसांत घाम, धडधड, डोकेदुखी, आणि बीपी कधीकधी औषधाआधी होतं त्याच्याही वर! दाबून धरलेले सिग्नल एकदम सुटले होते. 1973 मध्ये अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये यावर पेपरच आला.

बाबांची गोळी दुसऱ्या जातीची, बीटा ब्लॉकर. या जातीतलं पहिलं गाजलेलं औषध प्रोप्रानोलॉल. ते जेम्स ब्लॅक यांच्या कामातून आलं आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनालिनचे रिसेप्टर अडवून ठेवतो. शरीर पण हुशार, ते रिसेप्टरच वाढवतं. मग गोळी एकदम थांबली की नेहमीचंच अ‍ॅड्रेनालिन जादा रिसेप्टरवर जाऊन आदळतं. 1970 च्या दशकाच्या मध्याला अंजायनाच्या पेशंट्सनी प्रोप्रानोलॉल अचानक थांबवल्यावर हार्ट अ‍ॅटॅक आणि मृत्यूसुद्धा झाल्याचे रिपोर्ट छापून आले. आता या गोळ्या थांबवायच्याच असतील तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

सगळ्याच गोळ्या अशा उसळत नाहीत हं. अ‍ॅम्लोडिपीन शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे बीपी चढतं तेही सावकाश, काही त्रास न देता. माझ्या मते ते जास्त फसवं, कारण माणसाला वाटतं आपण बरे झालो.

डॉक्टरांनी बाबांची गोळी त्याच संध्याकाळी परत सुरू केली. आई म्हणाली, "मी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, तुझं बरं ऐकलं!"