कात, घाट आणि बँकर

रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. या समाजाचे नाव एका उद्योगावरून पडले. तो उद्योग हातचा जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या तरी नाव तेच राहिले. शेतकरी, माळकरी यांतला 'करी' इथेही आहे. आधीचा 'कात' म्हणजे विड्याच्या पानाला लावतात तो. साप टाकतो ती कात वेगळी आणि सूत कातणेही वेगळे. हा कात संस्कृत 'क्वाथ' या शब्दातून आला. क्वाथ म्हणजे पाण्यात उकळून काढलेला अर्क. घरोघरचा काढा आणि कढणे हे शब्दही त्याच मुळाचे.

म्हणजे नावातच कृती सांगितलेली आहे. खैर तोडायचा, वरचे फिके लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांत उकळायच्या, ते पाणी आटवून दाट करायचे आणि वाळवून वड्या पाडायच्या. खैर, सरपण आणि पाणी तिन्ही रानातच मिळत असल्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे हंगामभर रानात मुक्कामाला असत. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले आखली गेली, झाडावर कुऱ्हाड चालवण्यावर सरकारी बंधने आली आणि हा धंदा मोडला. पुढे पोटासाठी कोळसा पाडण्याचे काम आले, मग वीटभट्ट्या आणि त्यापायी दरवर्षीचे स्थलांतर. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत 'काथोडी' आणि 'कातकरी' ही दोन्ही रूपे आहेत, आणि महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात त्यांत ही एक आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या जातीच्या दाखल्यावर आजही खैराच्या रानातला धंदा लिहिलेला असतो.

'घाट' या शब्दाचा अर्थ मात्र पसरत गेला. संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीत उतरण्याची जागा. उतरण्याची वाट एवढा अर्थ घेऊन तो डोंगरात आला आणि खोपोलीहून खंडाळ्याला चढणारी वाट बोरघाट झाली. तिच्यावर गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, गाडीरस्ता खुला झाला. युरोपियनांनी वाटेचे नाव अख्ख्या रांगेला दिले आणि सह्याद्री नकाशावर 'पश्चिम घाट' म्हणून उतरला. कर्जत-खालापुरात मात्र जुनी वाटणी अजून चालते: घाटाखाली कोकण, घाटावर देश. त्यावरून देशावरचा माणूस तो घाटी. मुळात हा नुसता पत्ता होता. मुंबईत मजुरीला आलेल्यांना हिणवण्यासाठी तो वापरला जाऊ लागला तेव्हा त्याला धार आली, आणि ती धार अजून बोथट झालेली नाही.

कचेरीतले शब्द आले अरबी-फारसीतून. 'तालुका'च्या मुळाशी संबंध किंवा अवलंबन आहे, 'तहसील' म्हणजे वसुली, आणि 'जिल्हा' ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू. १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. बरगडी जागेवरच राहिली.

इंग्रजी शब्द आधी डोंगरावर चढले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून माथेरानवर गेले आणि तिथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. कड्यांच्या पुढे आलेल्या सोंडांना लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट अशी नावे पडली. या 'पॉइंट'चा अर्थ टोक. मराठीत टोक गळून पडले आणि देखावा पाहण्याची जागा हा अर्थ चिकटला, म्हणून आता सपाट चौकातही 'सेल्फी पॉइंट' उभा राहतो.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. कर्जतच्या पुढे चढ इतका तीव्र आहे की ३७ फुटांच्या वाटेत गाडी एक फूट वर जाते. त्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे आणि नेहमीचे प्रवासी त्यांना 'बँकर' म्हणतात. पैशाच्या बँकेशी या नावाचा संबंध नाही. ती बँक इटलीतल्या सराफाच्या बाकावरून आली, तर इंजिनाचा बँकर चढ या अर्थाच्या रेल्वेतल्या 'बँक' शब्दावरून.

बँकर जोडला जाईपर्यंत गाडी थांबते, आणि या थांब्यामुळेच कर्जतच्या फलाटावरचा वडा नावारूपाला आला. बटाटावडा-पाव या नावातले दोन शब्द समुद्रापलीकडचे आहेत. 'बटाटा' हे कॅरिबियन बेटांवर रताळ्याचे नाव होते. पोर्तुगीजांच्या तोंडी ते दुसऱ्याच कंदाला लागले आणि त्याच अर्थाने कोकण किनाऱ्यावर आले. 'पाव' हाही पोर्तुगीज भाषेतला रोटीचा शब्द. पायांनी तुडवतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती सर्रास सांगितल्या जातात. त्या दोन्ही केवळ उच्चार सारखा म्हणून मागाहून जुळवलेल्या आहेत.