घाण्यामागे पळीभर तेल

जळगाव म्हटलं की केळी, आणि चाळीसगाव म्हटलं की 'गाडी बदला'! निदान आमच्या घरी तरी हेच समीकरण होतं. मामाचं गाव धुळे. त्यामुळे चाळीसगावला उतरायचं, पाण्याची बाटली भरायची आणि धावतपळत धुळ्याची पॅसेंजर गाठायची. स्टेशनबाहेर पाऊल कधी टाकलंच नाही. गेल्या शनिवारी मात्र मुद्दाम टाकलं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने सकाळी सकाळी उतरलो, स्टेशनबाहेर चहा मारला आणि गाव बघायला निघालो.

गाव तितूर नदीच्या काठचं. डोंगरी नदी इथेच तिला येऊन मिळते. 1860च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचा रूळ इथून पुढे भुसावळकडे गेला, आणि 1900 साली धुळ्याचा सुमारे 56 किलोमीटरचा फाटा सुरू झाला. झालं, चाळीसगाव जंक्शन झालं! व्यापारी आले, परगावची माणसं आली. मुंबईत जन्मलेले छायाचित्रकार केकी मूस (1912-1989) यांनी तर इथेच, स्टेशनजवळच्या बंगल्यात, आयुष्याचा बराचसा काळ काढला. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं, पुन्हा कधीतरी.

पण रूळ यायच्या कितीतरी आधी या भागातली वर्दळ दुसऱ्याच जागी होती. चाळीसगावपासून दक्षिणेला 18-20 किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण. आता सगळे त्याला पाटणादेवी म्हणतात. रिक्षा ठरवून तिथे गेलो. चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ आणि चहूबाजूंनी गौताळा अभयारण्याचं जंगल. इथून केदारकुंड, धवलतीर्थ धबधब्यांकडे पायवाटा जातात, आणि दमछाक करायची तयारी असेल तर डोंगर चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंतही जाता येतं. त्या लेण्यांना दोन हजार वर्षं उलटून गेलीत, आणि तिथल्या एका लेखात पैठणच्या अत्तरवाल्याचं दान नोंदलेलं आहे. म्हणजे घाटावरचे व्यापारी इथवर येत होते, हे नक्की.

खरी गंमत पाटणच्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1860च्या दशकात तो जगापुढे आणला. शके 1128, म्हणजे इ.स. 1207 चा हा लेख. लीलावतीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्याला दान दिलं. भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कुठलं यावर वाद आहेत, पण त्यांचा अभ्यास इथे चालावा अशी सोय केली होती, हे दगडावर लिहिलेलं आहे.

लेख बहुतेक संस्कृतात, पण शेवटी पैशांची गोष्ट आली की भाषा चक्क मराठी होते! साहजिकच आहे, ज्याच्याकडून वसूल करायचं त्याला कळायला नको? पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातली एक जुनी सिस्टीम आठवली. लिहिणारे केव्हाच सोडून गेले. ती बनवायला बजेट होतं, सांभाळायला कुणीच ठेवलं नाही. आता एक ओळ बदलायची तरी घाम फुटतो. चांगदेवाला हे आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं. ग्रंथ लिहून भागत नाही, तो शिकवणाऱ्याच्या दिव्यात रोज तेल पडावं लागतं.

पण ते तेल बाजारातून यायचं. बाजार उठला, घाणे थांबले, मठही गेला. आज तिथे माकडं आणि भाविक!

बाजार का उठतो? वाटा बदलतात म्हणून. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मनमाड ते इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जाणार. म्हणजे उद्या धुळ्याला जायला चाळीसगावची गरज उरणार नाही. धुळेकरांचं भलंच आहे, मामा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. पण 'गाडी बदला' संपल्यावर चाळीसगावचं काय?

परत येताना रिक्षावाल्या दादांनी पुलावर रिक्षा हळू केली आणि 31 ऑगस्ट 2021 चा पूर सांगितला. डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, कन्नडच्या घाटात दरडी आल्या आणि ते सगळं पाणी नदीतून गावात शिरलं. म्हणजे रूळ कुठेही वळोत, वरचं जंगल आणि खालचं गाव यांची वाट काही बदलत नाही. ते जंगल, ती नदी आणि तो दगड सांभाळायला आजचं पळीभर तेल कुणी घालायचं, एवढाच प्रश्न आहे.

असो. संध्याकाळी धुळ्याच्या गाडीत बसलो. या वेळी धावपळ न करता.